बुळकांडी गेली, लाळ्या-खुरकूत का जात नाही?

गोठ्यातील धट्टीकट्टी बैलजोडी आठ-दहा दिवसांत नाहीशी करणारा बुळकांडी हा रोग आजच्या तरुण शेतकऱ्याने पाहिलेला नाही. प्रथम कडक ताप, मग डोळ्यांतून व नाकातून घाण स्राव, हिरड्यांवर व जिभेखाली व्रण, आणि शेवटी दुर्गंधीयुक्त पातळ हगवण, असा त्याचा क्रम असे. पेरणीच्या तोंडावर हा रोग गावात शिरला की एका घरचे नव्हे, साऱ्या गावाचे औत थांबत असे. हा रोग आता केवळ आपल्या देशातून नव्हे, तर पृथ्वीतलावरून नाहीसा झाला आहे. उलटपक्षी, क्वचितच जनावर मारणारा परंतु दरवर्षी कोठे ना कोठे डोके वर काढणारा लाळ्या-खुरकूत हा रोग मात्र अद्याप ठाण मांडून बसला आहे. दोन्ही रोग विषाणूंपासून होतात, दोहोंवर लस उपलब्ध झाली, आणि दोहोंसाठी सरकारने संशोधनाची व लसटोचणीची मोठी कार्ये हाती घेतली. असे असता फळ निराळे का मिळाले, हे नाशिक जिल्ह्यातील पशुपालकांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण या प्रश्नाच्या उत्तरातील निम्मा भाग प्रयोगशाळेत असून उरलेला निम्मा गावात आहे.

पुण्यात रोवलेले बीज

हिंदुस्थानातील पशुरोगांच्या शास्त्रीय संशोधनाचा आरंभ महाराष्ट्रात झाला, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. बुळकांडी व तत्सम साथींनी होणाऱ्या हानीची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, म्हणजे १८८९ च्या डिसेंबरात, पुणे येथे सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन करण्यात आली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख होत. परंतु दाट वस्तीच्या शहरात इतक्या संसर्गजन्य रोगाचे जंतू हाताळणे धोक्याचे होते, व पुण्याची हवाही या कामास मानवणारी नव्हती. म्हणून १८९३ साली ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. पुढे इज्जतनगर येथे तिचा विस्तार झाला, आणि आज भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था तिच्यातूनच वाढली. क्षयाच्या जंतूंचा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८९७ साली मुक्तेश्वरला भेट दिली होती.

प्रारंभीचा उपाय म्हणजे रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तापासून तयार केलेला रक्तद्रव टोचणे. याने जनावर वाचे, परंतु मिळणारे संरक्षण थोड्याच दिवसांचे असे. खरा मार्ग १९२७ च्या सुमारास डॉ. एडवर्ड्स यांनी मुक्तेश्वर येथेच दाखविला. गाईबैलांतील बुळकांडीचा विषाणू त्यांनी एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार नेला. असे करता करता त्याची गाईबैलांना मारण्याची शक्ती क्षीण झाली, पण रोगप्रतिकारशक्ती निर्माण करण्याचा गुण कायम राहिला. या ‘शेळी-लसी’ने देशातील लक्षावधी जनावरांचे रक्षण केले. ती दोषरहित नव्हती. काही जातींच्या जनावरांना, विशेषतः विदेशी रक्ताच्या गाईंना, ती जड जात असे. १९६० च्या सुमारास वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियात पेशीसंवर्धनावर तयार केलेली लस अधिक निर्धोक ठरली. एकदा टोचलेल्या जनावरास ती बहुधा जन्मभर पुरे.

कागदावरील लस आणि मानेतील लस

१९५४ साली राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. पाच वर्षांत ८० टक्के मोठ्या जनावरांना लस टोचावी, नंतर उरलेल्यांना व दरवर्षी जन्मणाऱ्या वासरांना टोचावी, अशी योजना होती. साथी झपाट्याने कमी झाल्या, पण रोग समूळ गेला नाही. पुढील तीन दशके तो कोठेतरी धुगधुगत राहिला. एका भागात विझला की बाजारच्या जनावरांबरोबर दुसऱ्या भागात जाऊन पेट घेई.

याची कारणे नीट पाहण्यासारखी आहेत. गणित एकूण जनावरांचे मांडले जाई, पण रोग जेथे टिकून होता तेथील जनावरे नेमकी चुकत. व्यापाऱ्यांचे तांडे, कत्तलीसाठी नेली जाणारी जनावरे आणि भटके कळप हे कोणत्याच गावच्या यादीत नसत. ज्या जनावराला पूर्वी दोनदा लस मिळाली, तेच गरीब असल्याने तिसऱ्यांदा सापडे. आणि उधळणारा खोंड मात्र कधीच सापडत नसे. नोंदवहीतील रकाना भरणे सोपे असते. लस जनावराच्या मानेत पोचणे ही निराळी गोष्ट आहे. टोचलेल्या जनावरांच्या रक्तात प्रत्यक्ष प्रतिकारशक्ती आली की नाही, याची तपासणीही त्या काळी पुरेशी होत नव्हती.

१९९२ साली सुरू झालेल्या नव्या राष्ट्रीय प्रकल्पाने पद्धत बदलली. सरसकट टोचणीवरील भर कमी करून रोगाचा शोध घेण्यावर भर देण्यात आला. पशुवैद्यकीय कर्मचारी गावोगाव जाऊन ‘तोंडात व्रण व हगवण असलेले जनावर पाहिले का?’ असे विचारू लागले. जनावरांच्या वाटा व बाजार यांवर नजर ठेवण्यात आली, आणि रक्तजल गोळा करून प्रयोगशाळेत तपासले गेले. भारतातील अखेरची साथ १९९५ साली तामिळनाडूत नोंदली गेली. त्यानंतर लस टोचणे मुद्दाम बंद करण्यात आले. लस चालू असता रोग खरोखर गेला आहे की केवळ झाकला गेला आहे, हे कळत नाही. हा निर्णय धाडसाचा होता, पण तो योग्य ठरला. २००४ साली देश रोगापासून मुक्त व २००६ साली संसर्गापासूनही मुक्त म्हणून जागतिक पशुआरोग्य संघटनेने मान्य केला, आणि २०११ साली संपूर्ण जग बुळकांडीमुक्त झाल्याचे घोषित करण्यात आले. मानवाने देवीनंतर समूळ नाहीसा केलेला हा दुसराच रोग होय.

लाळ्या-खुरकुताचा स्वभाव

आता लाळ्या-खुरकुताकडे वळू. बुळकांडीचा विषाणू एकाच जातीचा होता, म्हणून एक लस सर्वत्र चालली. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे प्रकार अनेक असून आपल्या देशात आज ‘ओ’, ‘ए’ व ‘एशिया-१’ हे तीन आढळतात. ‘सी’ हा चौथा प्रकार १९९५ नंतर आढळलेला नाही. एका प्रकाराविरुद्ध मिळालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध चालत नाही. ‘मागच्या साली लस दिली तरी खुरकूत आलीच,’ अशी तक्रार शेतकरी करतात. तिचे कारण पुष्कळदा असे असते की, लसीचा प्रभाव संपून गेलेला असतो, किंवा क्वचित विषाणूनेच रूप पालटलेले असते.

दुसरा भेद टिकाऊपणाचा. या लसीतील विषाणू मारलेला असतो, त्यामुळे तिचे संरक्षण सुमारे सहा महिनेच पुरते. तिसरा भेद असा की, बुळकांडीतून बरे झालेले जनावर रोग पसरवीत नसे; परंतु लाळ्या-खुरकुतातून उठलेल्या गाई-म्हशींच्या घशात विषाणू कित्येक महिने राहू शकतो. शिवाय हा रोग गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा सर्व दुखुरी जनावरांना होतो. शेळ्या-मेंढ्यांत तो इतका सौम्य असतो की धनी ‘जरा लंगडते आहे’ एवढेच म्हणून सोडून देतो. विषाणू लाळेतून, दुधातून, श्वासातून, गोठ्यात जाणाऱ्या माणसाच्या पायताणातून आणि चाऱ्याच्या गाडीच्या चाकातूनही प्रवास करतो.

मृत्यू कमी होतात म्हणून हा रोग हलका समजणे मोठी चूक आहे. दुभत्या गाईचे दूध एकदम आटते व पुष्कळदा त्या वेतात पूर्ववत होत नाही. तिच्या आचळातून पिणारे वासरू हृदयावर आघात होऊन अकस्मात मरते. नांगरटीच्या बैलाची खुरे सडतात, त्यांत अळ्या पडतात, आणि ऐन हंगामात तो उभा राहू शकत नाही. बरे झाल्यानंतरही कित्येक जनावरे उन्हात धापा टाकू लागतात. तसे जनावर कामाचे राहत नाही. सिन्नर-निफाडकडील संकरित गाईंना हा रोग अधिक झोंबतो. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा या भागातील पावसात टिकणारे डांगी जनावर त्यातून लवकर सावरते. परंतु त्याच्या अंगची ही काटकता शेजारच्या गोठ्याच्या उपयोगी पडत नाही, कारण विषाणू तेथूनही पसरतोच.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६८ साली या रोगासाठी अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू केला. साथीच्या ठिकाणाहून आलेल्या नमुन्यातून विषाणूचा प्रकार ओळखणे, हे त्याचे मुख्य काम. या कामाचे प्रमुख केंद्र दीर्घकाळ मुक्तेश्वर येथे होते. आता त्यासाठी भुवनेश्वरजवळ स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी आहे. लसीत कोणते विषाणू घालावयाचे, हे गावोगावच्या नमुन्यांवरूनच ठरते. येवल्याच्या वा नांदगावच्या एखाद्या गोठ्यातून जिभेवरील फोडाचे कातडे वेळेवर गेले नाही, तर त्या भागात फिरणारा विषाणू लस करणाऱ्यांच्या दृष्टीस पडत नाही. या संशोधकांनी आणखी एक उपयुक्त चाचणी सिद्ध केली आहे. लस शुद्ध करताना विषाणूची काही विशिष्ट प्रथिने वगळली जातात. म्हणून त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड रक्तात आढळले तर जनावरास प्रत्यक्ष संसर्ग झाला होता, केवळ लसीने ते आलेले नाहीत, असे ओळखता येते. बुळकांडीच्या वेळी लस बंद केल्यावाचून हे समजत नव्हते.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. सर्व गाई-म्हशींना सहा-सहा महिन्यांनी लाळ्या-खुरकुताची लस मोफत टोचणे व २०३० पर्यंत रोगाचे निर्मूलन करणे, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. वासरास चौथ्या महिन्यानंतर पहिली मात्रा, व एक महिन्याने दुसरी मात्रा देणे आवश्यक असते. ही दुसरी मात्राच पुष्कळदा राहून जाते, आणि पहिली व्यर्थ जाते.

बिल्ल्याचा प्रश्न

प्रत्येक जनावराच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला बसविण्याची पद्धत याच कार्यक्रमाने रूढ केली. बिल्ल्याबद्दल गावांत पुष्कळ कुरकुर ऐकू येते. कान पिकतो, बिल्ला काट्यात अडकून कान फाटतो, सरकार जनावरे मोजून कर बसवील, इत्यादी. कान पिकण्याचे पहिले कारण बहुधा अस्वच्छ हत्यार व चुकीची जागा हे असते. ते टाळणे कर्मचाऱ्यांच्या हाती आहे, आणि त्यांनी ते टाळलेच पाहिजे. कराच्या भीतीस मात्र आधार नाही. बुळकांडीच्या वेळी कोणत्या जनावरास लस मिळाली व कोणते वगळले गेले, हे सांगण्याचे साधन नव्हते, म्हणून तीस वर्षे अधिक लागली. बिल्ला हे ते साधन होय. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याविना जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. घोटी किंवा मालेगावच्या बाजारात जनावर नेणाऱ्यास याची जाणीव असणे हिताचे आहे.

टोचणीनंतर एक-दोन दिवस थोडा ताप येणे, मानेवर गाठ येणे व दूध किंचित कमी होणे हे घडते. कर्मचाऱ्याने हे आधी सांगावे. न सांगता लस टोचली आणि दुसऱ्या दिवशी दूध घटले, की त्या वाड्यात पुढच्या फेरीस दार उघडत नाही. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तपमानातच ठेवावी लागते. ती तापली तर निकामी होते, आणि गोठली तरी निकामी होते. बर्फाला थेट चिकटवून ठेवलेली बाटली पाहिली की शेतकऱ्याने विचारण्यास संकोच करू नये.

लम्पीने शिकविलेला धडा

नव्या रोगाशी गाठ पडली म्हणजे संशोधनाचा खरा उपयोग कळतो. गाईबैलांच्या अंगावर गाठी उठविणारा लम्पी त्वचारोग भारतात २०१९ साली ओडिशात प्रथम दिसला. २०२२ च्या ऑगस्टात तो नाशिक विभागातच, जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील चिनावल येथे आढळला आणि तेथून महाराष्ट्रभर पसरला. माश्या, डास व गोचिडे हे त्याचे वाहक होत. त्या वेळी या रोगाची स्वतंत्र लस हाती नव्हती. परंतु शेळ्यांच्या देवीचा विषाणू लम्पीच्या विषाणूचा जवळचा नातलग आहे, हे शास्त्रज्ञांस ठाऊक होते. म्हणून शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. शेतकऱ्यांना याचे नवल वाटले, काहींनी शंकाही घेतली. परंतु एडवर्ड्स यांनी शेळीच्या साहाय्यानेच बुळकांडी अडविली होती, हे लक्षात घेता यात वावगे काही नव्हते.

राज्यभर गुरांचे बाजार बंद ठेवण्यात आले व सर्व गोवंशास मोफत लस टोचण्यात आली. मृत जनावरांसाठी गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० रुपये व वासरास १६,००० रुपये असे साहाय्य सरकारने दिले. या साहाय्याचे मोल केवळ पैशात नाही. मेलेले जनावर लपवून पुरण्याऐवजी शेतकरी ते स्वतः कळवू लागला. साथीची खरी व्याप्ती समजण्यास याहून चांगला उपाय नाही.

दरम्यान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेच्या सहकार्याने लम्पीची खास लस तयार केली. २०१९ साली मिळालेला विषाणू पेशींवर पन्नास पिढ्या वाढवून क्षीण करण्यात आला व ऑगस्ट २०२२ मध्ये लस जाहीर झाली. पुण्याच्या औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेकडे तिच्या उत्पादनाचे तंत्र देण्याचा करार त्याच वर्षाच्या अखेरीस झाला. जेथून १८९३ साली प्रयोगशाळा डोंगरात गेली, त्या पुण्यात हे काम परतून आले, असे म्हणावयास हरकत नाही. २०२३ साली लम्पी पुन्हा दिसला तेव्हा त्याने वासरांना विशेष गाठले. कारण मागील टोचणीनंतर जन्मलेली वासरे लसीविना होती. लस ही एकदा बांधलेली भिंत नव्हे, दरवर्षी नव्या वासरांबरोबर तिला भगदाड पडते.

इतर कार्यांचा येथे थोडक्यातच उल्लेख करता येईल. शेळ्या-मेंढ्यांतील पीपीआर हा रोग भारतात १९८७ साली तामिळनाडूत प्रथम आढळला. त्याचा विषाणू बुळकांडीच्या विषाणूचा भाऊबंद आहे. त्यावरील भारतीय लस मुक्तेश्वर येथे तयार झाली असून तिची एक मात्रा कित्येक वर्षे पुरते. संगमनेरी शेळी पाळणाऱ्यांनी व कळप घेऊन हिंडणाऱ्या मेंढपाळांनी तिचा लाभ घ्यावा. सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडीस व पारडीस जन्मात एकदाच द्यावयाची असते. हा रोग माणसास होतो, म्हणून गाभडलेल्या गाईचा वार उघड्या हाताने काढू नये व कच्चे दूध पिऊ नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या तेव्हा तो बर्ड फ्ल्यू असल्याचा निर्णय भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेने दिला. भारतातील या रोगाची ती पहिली साथ. बंगळूर येथील राष्ट्रीय संस्था जिल्हावार साथींची पूर्वसूचना दर महिन्याला देते.

गावातून प्रयोगशाळेपर्यंत

वरील सर्व यंत्रणेची पहिली कडी गाव ही आहे. २००९ च्या पशुरोगविषयक केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगाची शंका येताच जनावराच्या मालकाने ग्राम अधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळविणे बंधनकारक आहे, आणि त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकास कळवावयाचे असते. कायदा नसता तरी हे केलेच पाहिजे. लाळ गळणारे व लंगडणारे एकच जनावर दिसले, तर ‘दोन दिवस वाट पाहू’ असे म्हणणे परवडत नाही. दोन दिवसांत ते सार्वजनिक हौदावर पाणी पिऊन येते. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते.

नमुना घेण्याचे काम पशुवैद्यकाचे. पण त्याला तो चांगला मिळावा ही काळजी पशुपालकाने घ्यावयाची असते. लाळ्या-खुरकुतात नुकत्याच फुटलेल्या किंवा न फुटलेल्या फोडाचे कातडे उत्तम. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतरचा व्रण फारसा उपयोगी नाही. तोंडात आधीच तुरटी, हळद किंवा औषध लावले असल्यास तसे स्पष्ट सांगावे. घटसर्पाची शंका असल्यास प्रतिजैविकाची सुई देण्यापूर्वी रक्त घेतलेले बरे. इगतपुरी-पेठेकडील मुसळधार पावसाच्या गावांत घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी, गळा सुजल्यावर नव्हे.

एका बाबतीत मात्र कोणताही धीटपणा करू नये. चांगले जनावर अकस्मात मेले, पोट फुगले आणि नाक-तोंड-गुदद्वारातून काळसर न गोठणारे रक्त आले, तर तो काळपुळीचा रोग असू शकतो. असे शव फाडू नये, त्याचे कातडे सोलू नये व ते नदी-नाल्याकाठी ओढत नेऊ नये. शव उघडल्यास जंतू हवेशी संपर्क येऊन बीजरूप धारण करतात व त्या जमिनीत पुष्कळ वर्षे जिवंत राहतात. पशुवैद्यक कानाच्या शिरेतील रक्ताचा एक थेंब काचेवर घेऊन तपासणीस पाठवितो. तेवढा थेंब पुरे होतो. नंतर शव जाळावे, अथवा गावापासून व पाण्यापासून दूर सहा फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे, आणि त्या जागेस काटेरी कुंपण घालून तेथे गुरे चरू देऊ नयेत.